निर्गुडीच्या पानांचा अर्क: १४ मिमीचा झोन आणि ८२ टक्के दाहरोध यांचा अर्थ काय लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी निर्गुडीच्या पानांचा मिथेनॉलमधला अर्क सॉक्सलेट उपकरणात काढला. तो डीएमएसओ या द्रावकात १०० मिलिग्रॅम प्रति मिली या प्रमाणात विरघळवला आणि जीवाणू पेरलेल्या अगारमधल्या ८ मिमीच्या वेलमध्ये, म्हणजे पाडलेल्या भोकात, १०० मायक्रोलिटर घातला. स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर १४ मिमी आणि ई. कोलायवर ९ मिमी झोन, म्हणजे जीवाणू न वाढलेली मोकळी जागा, मिळाला. अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनाच्या चाचणीत ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीला ८२ टक्के दाहरोध दिसला. ‘अर्क जीवाणूरोधक आणि दाहरोधक आहे’ असा निष्कर्ष लिहिला, तर मार्गदर्शकांनी सगळं पुन्हा करायला सांगितलं. चुकलं कुठे?

मार्गदर्शक बरोबर सांगताहेत. निर्गुडीत दम नाही असा याचा अर्थ नाही. तिच्या पानांत कॅस्टिसिनसारखे फ्लॅव्होनॉइड, निगुंडोसाइड आणि ॲग्नुसाइड ही इरिडॉइड ग्लायकोसाइड आणि बाष्पनशील तेल आहे. सुजलेल्या गुडघ्यावर हा पाला गरम करून बांधायची आपल्याकडची रीत उगाच पडलेली नाही. अडचण अशी आहे की तुम्हाला मिळालेले तिन्ही आकडे पानापेक्षा पद्धतीबद्दल जास्त सांगतात.

आधी नुसतं वजन मोजा. १०० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या द्रावणाचे १०० मायक्रोलिटर म्हणजे एका वेलमध्ये १० मिलिग्रॅम अर्क. तुलनेसाठी लावतात त्या जेंटामायसिनच्या चकतीत औषध असतं १० मायक्रोग्रॅम. म्हणजे हजारपट माल ओतून १४ मिमी मिळाले. ई. कोलायचा ९ मिमी तर झोनच नाही. वेलच ८ मिमीचा आहे, म्हणजे कडेला जेमतेम अर्धा मिमी जागा मोकळी दिसली. आणि अर्क निव्वळ डीएमएसओत विरघळवलेला असेल, तर एवढी जागा एकटा डीएमएसओसुद्धा मोकळी करू शकतो. नुसत्या डीएमएसओचा वेल त्याच प्लेटवर नसेल, तर ती प्लेट वहीत चिकटवू नका.

आता पानापासून सुरुवात करू, कारण अर्धं काम तिथेच बिघडतं.

ओळख पक्की करा. निर्गुडीचं (व्हायटेक्स निगुंडो) पान हाताच्या पंजासारखं, तीन किंवा पाच पर्णिकांचं, खालून राखाडी-पांढुरकं, लवदार असतं. कोवळी फांदी चौकोनी, फुलं निळसर-जांभळी. याच वंशातली दुसरी जात, व्हायटेक्स ट्रायफोलिया, बागांमध्ये आणि किनारपट्टीला सापडते. तिच्या पर्णिकांना देठ जवळजवळ नसतो, निर्गुडीच्या मधल्या पर्णिकेला तो स्पष्ट असतो. फुलासकट फांदी दाबून वाळवा, हर्बेरियमची शीट करा आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्राकडून किंवा आघारकर संशोधन संस्थेतून जातीची खात्री करून घ्या. त्या शीटचा क्रमांक प्रबंधात हवाच. रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या बांधावरची पानं नकोत. धूर, धूळ आणि कीटकनाशक यांचाही अर्क निघतो, आणि मग जीवाणू कशाने मेले ते कोण सांगणार?

पूर्ण वाढलेली, किडीचे डाग नसलेली पानं घ्या. वाहत्या पाण्यात धुवा, पाणी निथळू द्या, सावलीत एकेरी थर पसरून वाळवा. पावसाळ्यात कोकणात हे जमत नाही, पानं काळी पडतात आणि बुरशी धरते; तेव्हा हवा खेळती असलेल्या ओव्हनमध्ये ४० अंशांपर्यंत वाळवा, त्यावर नको. पान बोटांत चुरल्यावर कुरकुरीत मोडलं की झालं. ओल्या एक किलोतून साधारण २५० ते ३५० ग्रॅम सुकं पान हाती येतं.

मिक्सरमधून काढताना वस्त्रगाळ पूड करायचा मोह आवरा. फार बारीक पूड द्रावकात चिखलासारखी बसते आणि फिल्टर पेपर तुंबतो. जाडसर भरड बरी. मिक्सर सलग चालवू नका, भांडं तापतं. थांबून थांबून फिरवा.

सॉक्सलेटबद्दल. मिथेनॉल सुमारे ६५ अंशांना उकळतं, आणि निघालेला अर्क खालच्या फ्लास्कमध्ये सहा-आठ तास शिजत राहतो. उष्णतेला नाजूक घटकांसाठी हे बरं नाही, आणि बाष्पनशील तेलाचा बराच भाग उडतो. त्याऐवजी थंड भिजवण वापरा: ५० ग्रॅम भरड, ५०० मिली ८० टक्के मिथेनॉल, झाकणाच्या बाटलीत २४ तास, शेकर असेल तर संथ फिरवत, नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा हलवत. मलमलच्या कापडातून गाळा, चोथा पिळा, त्याच चोथ्यावर पुन्हा ताजं द्रावक, असं एकूण तीनदा. सगळा गाळ एकत्र करून व्हॉटमन नंबर १ मधून गाळा आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० ते ४५ अंशांना आटवा. मिथेनॉल निघून गेल्यावर मागे पाणी उरतं आणि सॅपोनिन या साबणासारख्या घटकांमुळे फेस वर चढतो. फ्लास्क अर्ध्याहून कमी भरा, निर्वात हळूहळू वाढवा. उरलेलं पाणी लायोफिलायझरमध्ये, म्हणजे गोठवून सुकवणाऱ्या यंत्रात, काढा. तो नसेल तर निर्वात डेसिकेटरमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. उघड्या वॉटर बाथवर रात्रभर आटवलेला, डांबरासारखा चिकट अर्क अनेकदा पूर्ण सुकलेलाच नसतो. त्यातलं द्रावक वजनात धरलं जातं आणि उरलेलं मिथेनॉल जीवाणूंवर स्वतःचा परिणाम दाखवतं. मिथेनॉल विषारी आहे, सगळं काम फ्यूम हूडमध्ये.

उतारा, म्हणजे सुक्या पानातून किती टक्के अर्क निघाला, तो मांडा. ५० ग्रॅममधून ५ ग्रॅम सुका अर्क म्हणजे १० टक्के. ही एक ओळ प्रबंधात नसेल, तर अर्काचा आकडा पानाच्या आकड्यात बदलता येत नाही आणि पुढच्या माणसाला तुमचं काम पुन्हा करता येत नाही.

हिरवा रंग ही मोठी कटकट आहे. क्लोरोफिल आणि मेण काढायचं असेल तर मिथेनॉलच्या आधी तीच भरड पेट्रोलियम इथरने किंवा हेक्झेनने धुवून घ्या. पण तो धुवण फेकू नका, आटवून वेगळा अर्क म्हणून तपासा; स्निग्ध टर्पिनॉइड त्यातच गेलेले असतात.

आता जीवाणूंची चाचणी. वेल पद्धत चाळणी म्हणून ठीक आहे, पण ती नीट लावायला हवी. म्युलर-हिंटन अगार, पीएच ७.२ ते ७.४, थर ४ मिमी, म्हणजे ९० मिमीच्या प्लेटमध्ये सुमारे २५ मिली. अंदाजाने ओतलेल्या प्लेटमध्ये थर पातळ झाला की झोन फुगतो. जीवाणूंच्या द्रावणाचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या मानकाला जुळवा, ६२५ नॅनोमीटरवर ओडी (प्रकाश किती अडतो त्याचा आकडा) ०.०८ ते ०.१०, आणि जुळवल्यापासून १५ मिनिटांत स्वॅब फिरवा. पातळ पेरणी हे मोठ्या झोनचं फार नेहमीचं कारण आहे. वेल पाडल्यावर तळाशी वितळलेल्या अगारचा एक थेंब टाका, नाहीतर अर्क अगारखालून पसरतो आणि वेडावाकडा झोन येतो. भरलेली प्लेट अर्धा ते एक तास फ्रिजमध्ये, मग ३५ अंशांना १६ ते १८ तास. शेजारी जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅमची चकती असू द्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २५९२३ (एटीसीसी हा अमेरिकेतला जीवाणूसंग्रह) वर तिचा झोन १९ ते २७ मिमी आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर १९ ते २६ मिमी यायला हवा. त्याबाहेर गेला तर चूक माध्यमात किंवा पेरणीत आहे, अर्काकडे बघूच नका. ‘रुग्णाकडून मिळालेला जीवाणू’ एवढ्यावर काम उभं करू नका. खात्रीचे जीवाणू पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसी संग्रहातून मागवता येतात.

झोनचा आकार म्हणजे ताकद नव्हे, हे मात्र मनावर कोरून घ्या. अगार पाणीदार आहे. स्निग्ध रेणू त्यात सरकतच नाहीत, वेलच्या काठाशी साका होऊन बसतात. कमजोर पण पाण्यात विरघळणारा घटक लांब पसरतो आणि मोठा झोन देतो. म्हणून दोन अर्कांची तुलना मिलिमीटरमध्ये करता येत नाही. त्यासाठी एमआयसी, म्हणजे जीवाणूची वाढ थांबवणारं किमान प्रमाण, काढावंच लागतं.

९६ वेलच्या प्लेटमध्ये ते असं बसवा. साठा १०० मिलिग्रॅम प्रति मिली, शुद्ध डीएमएसओत. त्यातले २० मायक्रोलिटर, ९८० मायक्रोलिटर कॅटायन-समायोजित म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये. झाले २ मिलिग्रॅम प्रति मिली. पहिल्या स्तंभात याचे २०० मायक्रोलिटर, दुसऱ्या ते दहाव्या स्तंभात १०० मायक्रोलिटर साधा ब्रॉथ. पहिल्यातून १०० उचला, दुसऱ्यात मिसळा, असं दहाव्यापर्यंत आणि शेवटचे १०० फेका. ०.५ मॅकफार्लंडचं द्रावण ब्रॉथमध्ये १५० पट पातळ करा, म्हणजे मिलीला सुमारे दहा लाख जीवाणू. ते प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर. अंतिम संख्या पाच लाख, अर्काचं सर्वांत वरचं प्रमाण १ मिलिग्रॅम प्रति मिली, खालचं सुमारे २ मायक्रोग्रॅम, आणि डीएमएसओ कुठेही १ टक्क्याच्या वर नाही. अकरावा स्तंभ १ टक्का डीएमएसओ आणि जीवाणू, बारावा नुसता ब्रॉथ. तीन ओळी अर्काच्या, एक ओळ जेंटामायसिनची, आणि एक ओळ जीवाणूंविना अर्काची. ही शेवटची ओळ बहुतेक जण वगळतात.

ती का हवी? अर्क ब्रॉथमध्ये गेल्यावर ढगाळतो, त्यामुळे डोळ्यांनी वाढ कळत नाही. म्हणून १८ तासांनी रेझाझुरिन या रंगाच्या ०.०१५ टक्के द्रावणाचे ३० मायक्रोलिटर घालून दोन ते चार तास थांबतात: निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर जीवाणू जिवंत. पण पानातले फिनॉलिक घटक स्वतःच रेझाझुरिनला गुलाबी करू शकतात. जीवाणूंविना अर्काची ओळ गुलाबी झाली तर रंगावर विसंबू नका. प्रत्येक वेलमधून १० मायक्रोलिटर अगारवर पेरून बघा. तसंही जीवाणू मेले की नुसते थांबले हे त्या पेरणीनेच कळतं. सुरुवातीच्या संख्येपैकी ९९.९ टक्के मेले तरच ‘जीवाणूनाशक’ शब्द वापरा, एरवी ‘जीवाणूरोधक’.

जेंटामायसिनची एमआयसी ई. कोलाय २५९२२ वर ०.२५ ते १ मायक्रोग्रॅम प्रति मिली यायला हवी. स्टॅफिलोकॉकससाठी एमआयसीला २५९२३ नको, २९२१३ घ्या, त्यावर ०.१२ ते १. प्लेट ओलसर डब्यात ठेवा, नाहीतर कडेचे वेल सुकून अर्क आपोआप दाट होतो. अर्क ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढण्याचीही सवय दिसते. न विरघळलेला भाग फिल्टरवरच अडकतो आणि तुमचे १०० मिलिग्रॅम किती उरले हे कोणालाच माहीत नसतं. शुद्ध डीएमएसओतल्या साठ्याला सहसा गाळायची गरज पडत नाही, नुसत्या ब्रॉथमध्ये टाकून निर्जंतुक आहे का ते पाहा.

आलेल्या आकड्याचं काय करायचं? कच्च्या अर्काची एमआयसी १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर त्यात तथ्य मानत नाहीत. १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर पुढे घटक वेगळे करण्याजोगं काही आहे. मधल्या पट्ट्यात ‘मध्यम’ लिहा आणि पुढे चला. स्टॅफिलोकॉकस थांबला पण ई. कोलाय थांबला नाही, तर ते अपयश समजू नका. ग्राम-ऋण जीवाणूंना बाहेरचं लिपोपॉलिसॅकराइडचं आवरण असतं आणि आत शिरलेला रेणू बाहेर फेकणारे पंप असतात. वनस्पतींच्या अर्कांत हा फरक नेहमीचा आहे आणि तो दिसला तर चाचणी नीट झाल्याची ती एक खूण आहे.

दाहरोधाचा भाग याहून नाजूक आहे. तुमची चाचणी म्हणजे ०.२ मिली अंड्याचा पांढरा भाग, २.८ मिली ६.४ पीएचचं फॉस्फेट बफर, २ मिली अर्क. ३७ अंशांना १५ मिनिटं, ७० अंशांना ५ मिनिटं, थंड करून ६६० नॅनोमीटरवर गढूळपणा. त्यामागची कल्पना अशी की डायक्लोफिनॅकसारखी औषधं प्रथिनाला उष्णतेत फाटण्यापासून वाचवतात. पण शरीरातली सूज म्हणजे अंडं उकडणं नव्हे. सूज चढते ती हिस्टामिन, प्रोस्टाग्लँडिन, टीएनएफ-अल्फा यांच्या साखळीने, आणि त्यातलं काहीही या परीक्षानळीत नसतं. तेव्हा ८२ टक्के हा आकडा ‘प्रथिनाच्या उष्णताविकृतीस रोध’ एवढ्याच नावाने लिहा.

आणि तो तरी खरा आहे का? क्लोरोफिल नेमकं ६६० च्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणजे हिरव्या अर्कासाठी याहून वाईट जागा नाही. प्रत्येक प्रमाणासाठी ‘अर्क आणि बफर, प्रथिन नाही’ अशी वेगळी नळी लावा, तीही तापवा, आणि तिचा ओडी वजा करा. दुसरं, टॅनिन. ते प्रथिनाला घट्ट धरतं. तापवण्याआधीच साका झाला आणि तो तळाशी बसला, तर वरचं द्रावण स्वच्छ दिसतं, ओडी घसरतो आणि तुम्ही वहीत ८२ टक्के लिहिता! क्युव्हेट (ओडी मोजायची छोटी नळी) भरण्याआधी नळी हलवा आणि तळ बघा. अर्कात टॅनिन आहे का हे १० टक्के मिठाच्या पाण्यातल्या १ टक्का जिलेटिनने पाच मिनिटांत कळतं, पांढरट साका पडतो. पडला तर अर्काचा एक भाग पीव्हीपीपी ही टॅनिन ओढून घेणारी पूड घालून, हलवून, गाळून घ्या आणि चाचणी पुन्हा करा. गुण नाहीसा झाला तर तो बहुधा टॅनिनचा होता. पीव्हीपीपी इतर काही पॉलिफिनॉलही ओढून घेतं, म्हणून ‘बहुधा’. हेच टॅनिन जीवाणूंची प्रथिनं आणि माध्यमातलं लोहही बांधतं. दोन्ही चाचण्यांत गुण दिसला आणि दोन्हीकडे कर्ता एकच सर्वसामान्य टॅनिन निघाला, तर ‘निर्गुडीचे दोन गुणधर्म’ असं म्हणण्यात अर्थ उरत नाही. तुमच्या संपूर्ण प्रकल्पात मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेजारी चहाच्या पत्तीचा किंवा पेरूच्या पानाचा अर्क तसाच करून लावा. टॅनिनने भरलेलं, पण निर्गुडी नसलेलं पानही तेच आकडे देत असेल तर उत्तर समोरच आहे.

लाल पेशींच्या पडद्याची चाचणी थोडी बरी, पण तिलाही खोट आहे. ०.३६ टक्के मिठाच्या विरल द्रावणात पेशी फुटतात, अर्क त्या किती वाचवतो हे ५६० नॅनोमीटरवर हिमोग्लोबिनवरून मोजतात. सॅपोनिन असलेला अर्क पेशी स्वतःच फोडतो. म्हणून ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात अर्क आणि पेशी अशी नळी आधी लावा; तिथेच पेशी फुटत असतील तर पुढे जाऊ नका. रक्त देणाऱ्याने आधीचे दोन आठवडे वेदनाशामक गोळी घेतलेली नसावी, आणि रक्त घेण्यासाठी संस्थेच्या नीतिसमितीची संमती हवी.

खरोखर दाहाबद्दल बोलायचं असेल तर रॉ २६४.७ या उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी वापरा. पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीसंग्रहात मिळतात. पेशींना चेतवायला एलपीएस (वर आलेलं लिपोपॉलिसॅकराइड) १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, २४ तास, मग त्यांनी बनवलेल्या नायट्रिक ऑक्साइडची खूण म्हणून ग्रीस अभिकर्मकाने ५४० नॅनोमीटरवर नायट्राइट. सोबत एमटीटी या रंगचाचणीने पेशी जिवंत आहेत हे दाखवा, कारण मेलेल्या पेशीही नायट्रिक ऑक्साइड बनवत नाहीत आणि आकडा सुंदर दिसतो. एमटीटी घालण्याआधी अर्क धुवून काढा, फिनॉलिक घटक त्याचाही रंग बदलतात. उंदराच्या पंजाला कॅराजिनन टोचून सूज मोजायची पद्धत १९६२ पासून चालत आलेली आहे, पण प्राण्यांवरच्या प्रयोगासाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते. वरच्या साध्या नळ्या धड नसताना प्राण्यांना वेदना देणं मला अजिबात पटत नाही.

तीन वेळा केलं म्हणजे काय, हेही बघा. एका प्लेटवरचे तीन वेल म्हणजे एकच प्रयोग. तीन वेगळ्या दिवशी, ताज्या पेरणीने केलेल्या तीन प्रयोगांची सरासरी आणि विचलन द्या. जमल्यास पानांचा दुसरा तोडाही घ्या.

परंपरेतला शेक तपासायचा असेल तर मिथेनॉलचा अर्क ती वस्तूच नाही. त्यासाठी ताज्या पानांचं तेल क्लेव्हेंजर या ऊर्ध्वपातनाच्या यंत्रात तीन-चार तास काढावं लागेल. ते तपासताना प्लेट हवाबंद करा; वाफ शेजारच्या वेलमध्ये शिरते आणि कंट्रोलमधले जीवाणूही मारते.

हे वाचून कोणी पाल्याचा रस प्यायला सुरुवात करू नये म्हणून एक हिशेब. एमआयसी १ मिलिग्रॅम प्रति मिली धरली आणि माणसाच्या अंगात ५ लिटर रक्त धरलं, तर ते प्रमाण गाठायला ५ ग्रॅम सुका अर्क सगळाच्या सगळा रक्तात असावा लागेल, म्हणजे साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम ओला पाला, आणि तोही पचनात काही वाया न जाता. तसं होत नाही. त्वचेवर लावायच्या मलमात मात्र हे प्रमाण सहज ठेवता येतं, म्हणून चर्चेच्या प्रकरणात बाह्य उपयोगाकडे बोट दाखवलंत तर कोणी हरकत घेणार नाही.

उरलेला सुका अर्क तपकिरी बाटलीत, सिलिका जेलसोबत, उणे २० अंशांना ठेवा. डीएमएसओतला साठा ५०० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटून गोठवा आणि एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नका.